हे कशाला?

मुंबईत विमानतळाच्या कुंपणालगतच्या एका गल्लीत मी उतरणाऱ्या विमानाचा फोटो काढत होतो. एका हवालदाराने फोन मागून घेतला, पंधरावीस फोटो सरकवून पाहिले आणि विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "आवड आहे." उत्तर खरं होतं, पण माझं मलाच ते लंगडं वाटलं. नशिबाने त्याने फोन परत दिला.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. प्रत्येक विमानावर त्याचा क्रमांक असतो. तो दुर्बिणीतून टिपायचा, वहीत लिहायचा, जमल्यास फोटो काढायचा, हा ब्रिटनमधला जुना छंद. तो घेऊन १२ ब्रिटिश आणि दोन डच मंडळी २००१मध्ये ग्रीसचे हवाई तळ पाहायला गेली. ८ नोव्हेंबरला कालामाता इथे पोलिसांनी त्यांना धरलं. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून दोन महिनेही झाले नव्हते. त्यात तुर्कस्तानशी जुनं वैर, त्यामुळे ग्रीसमध्ये लष्करी तळ ही नाजूक बाब. आकड्यांनी भरलेल्या वह्या त्यांच्यावरच उलटल्या. केवळ हौसेखातर कुणी एवढं लिहून ठेवतं, हे तिथे कुणाला पटेना.

सुमारे पाच आठवडे तुरुंगात काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. एप्रिल २००२मध्ये आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची आणि सहा जणांना त्यांना साथ दिल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले.

यातली गंमत म्हणजे हीच नजर एकेकाळी सरकारनेच घडवली होती. १९४०च्या हवाई युद्धात ब्रिटनचं रडार समुद्राकडे तोंड करून होतं. शत्रूची विमानं किनारा ओलांडून आत आली, की त्यांचा माग काढायला ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक लागत. आकृतीवरून विमान ओळखणं तेव्हा देशसेवा होती. १९४१मध्ये या दलाला 'रॉयल' ही पदवीही मिळाली.

पुढे त्याच ब्रिटनमध्ये २०००च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या ४४व्या कलमाखाली, कसलाही विशिष्ट संशय नसताना पोलीस झडती घेऊ लागले. कॅमेरेवालेही त्यात सापडले. जानेवारी २०१०मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने हा अधिकार खासगीपणाचा भंग करणारा ठरवला. तिथे दाद मागणाऱ्या दोघांपैकी एक पत्रकार होती, निदर्शनांचं चित्रण करायला निघालेली.

पुढच्याच महिन्यात दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश हौशी पकडले गेले. त्यांच्याजवळ दुर्बीण, कॅमेरे आणि वैमानिकांचं बोलणं ऐकण्याचं यंत्र होतं. दोन महिन्यांनी २५,००० रुपये दंड भरून ते सुटले. कायदा लागला तो १८८५चा, तारेचा. म्हणजे त्यांच्याच पूर्वजांनी इथे केलेला.

फोटोंसाठीही आपल्याकडे तसाच जुना नियम आहे. १९३७च्या विमान नियमावलीतला १३वा नियम सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढू देत नाही. कुंपणाबाहेरच्या गल्लीतल्या माणसाला यातलं काय आणि कितपत लागू, हे मात्र बहुतेक वेळा समोरचा पोलीसच ठरवतो. त्याने असला वेडा माणूस आधी पाहिला असेल, तर आपण घरी जातो. नसेल, तर आपली वही हाच पुरावा.

म्हणून त्या हवालदाराचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. प्रश्न विचारणं हे त्याचं कामच आहे. पण "आवड आहे" हे उत्तर पुरेसं मानायचं की नाही, हे त्या दिवशीच्या त्याच्या मूडवर सोडलेलं नसावं, एवढंच.