तंबोरा तबकडीत का नव्हता?

फार जुन्या तबकड्या ऐकताना एक गोष्ट माझ्या कानाला नेहमी खटकत आली आहे. गवई आहे, पेटी आहे, तबल्याचा कुठेसा पुसट ठेका आहे. पण ज्याच्या आधारावर हे सारे उभे राहायचे तो तंबोरा बहुधा ऐकूच येत नाही. आमच्या संगीताचा इतिहास लिहिणारे घराण्यांची भांडणे चवीने सांगतात, परंतु या गैरहजेरीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मी शाळामास्तर, विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. तरी ही चौकशी मी आपल्यापुरती केली, आणि तिचा माग थेट आमच्या अंबडच्या घरातल्या एका मूठभर डबीपर्यंत येऊन पोचला.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हाचे तंत्र मोठे रांगडे होते. गवयाने कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुईने मेणात रेघ कोरायची. मध्ये विजेचा थेंब नाही. गवयाच्या छातीत जेवढा जोर, तेवढाच सुईला! त्यातही सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांच्या पलीकडचे फारसे काही मेणात उतरत नसे. आता तंबोऱ्याची सारी श्रीमंती त्याच्या जवारीत असते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सारला म्हणजे तार जी झणझणते, ती बारीकबारीक वरच्या स्वरांनी. म्हणजे तंबोरा मुळातच हळू बोलणारा, आणि त्याचे बोलणे नेमके कर्ण्याला न कळणाऱ्या भाषेतले. पेटी मात्र खणखणीत. तबकडीत तिची वर्णी लागली ती काही गुणांवर नव्हे, असे मला वाटते. (पेटीवाल्यांनी रागावू नये.)

हे कोडे सोडवले ते दिव्याने. १९०६ साली ली द फॉरेस्टने तीन अग्रांचा निर्वात दिवा काढला. या दिव्याला एका बाजूने विजेची किंचित हालचाल द्यावी, तर दुसऱ्या बाजूने तीच हालचाल मोठी होऊन बाहेर पडते. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत वेंट नावाच्या संशोधकाने कंडेन्सर मायक्रोफोन बनवला. तो कानाने तिखट, पण त्याची वीज इतकी दुबळी की लांब तारेतून जाताजाताच विरून जावी. म्हणून पहिला वर्धक दिवा मायक्रोफोनच्या अगदी कुशीत बसवावा लागला. आज ज्याला ध्वनिमुद्रणवाले 'प्रीअँप' म्हणतात, त्याचा हा मूळपुरुष. १९२५ पासून तबकड्या विजेने कोरल्या जाऊ लागल्या.

फरक पाहायचा असेल तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकाव्यात. पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या, कर्ण्यातल्या. पुढच्या १९३० नंतरच्या, मायक्रोफोनपुढच्या. गळा त्यांचाच, पण दुसऱ्या खेपेस त्याच्याभोवती हवा आहे, श्वास आहे, स्वर मिटताना उरणारी ओल आहे. कर्ण्यापुढे मृदू गाणारा माणूस हरायचा. मायक्रोफोनने त्याला न्याय दिला. खाँसाहेब राहिले ते मिरजेत, जिथे शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांचे वंशज पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून तंबोरे घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

यंत्र आले म्हणून सारेच वाचले, असे मात्र समजू नये. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. त्यांच्या बाबतीत कर्ण्याला दोष देता येईल. पण अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, मायक्रोफोन येऊन वीस वर्षे झाली होती, आणि तरी त्यांची एकही तबकडी नाही.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. मायक्रोफोनमधून निघणारी वीज साधारण व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. मुद्रणयंत्राला हवा जवळजवळ एक व्होल्ट. म्हणजे हजारपट वाढ, तीही प्रामाणिक. १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिले की कोणत्याही रोधातून, केवळ तो उबदार आहे म्हणून, सूक्ष्म खरखर उठतच असते. पहिल्या पायरीवर जी खरखर मिसळली ती पुढच्या प्रत्येक पायरीवर स्वराबरोबर वाढत जाते, तिला मागाहून वेगळे काढणे कठीण. साऱ्या घराण्याची अब्रू पहिल्या पायरीच्या हातात! पूर्वी हे काम दिव्यांच्या जड पेट्या करीत. १९४७ नंतर ट्रान्झिस्टर आला. १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी मायक्रोफोनला त्याच्याच तारेतून ४८ व्होल्ट पुरवण्याची सोय केली. आज तेच सारे खिशात मावणाऱ्या डबीत येते आणि संगणकाला जोडता येते.

आमचे अंबड म्हणजे नाशिकची औद्योगिक वसाहत. (जालन्याकडचे अंबड निराळे.) इथे प्रेसचा दणका जमिनीतून येतो आणि विजेची पन्नास कंपनांची घूं प्रत्येक तारेत दबा धरून असते. माझी मावशी ऐंशीची झाली आहे. तिचा मिरजेचा तंबोरा तिच्याइतका सुरेल आमच्यात कुणालाच लावता येत नाही, आणि अलीकडे खुंटी पिळताना तिची बोटे घसरतात. तिचे गाणे नव्हे, तिचे तंबोरा लावणे मला टिपायचे होते. त्यासाठी कारखान्यांच्या सुट्टीची रात्र निवडली. पंखा आणि फ्रीज बंद केले. डबीची कळ पिळण्याआधी मायक्रोफोन दोन फुटांवरून एका फुटावर आणला, कारण अंतर निम्मे झाले की मिळणारा स्वर जवळजवळ दुप्पट होतो, आणि ही वाढ फुकटची, बिनखरखरीची असते. तोंड घोडीच्या बाजूला, थोडे तिरके.

पंचम मिळाला, जोड मिळाली, खर्ज मिळायला बराच वेळ लागला. मग तिने धागा सारायला घेतला आणि तार एकदम उजळली. कानावरचे यंत्र तिला दिले तेव्हा ती बराच वेळ ऐकत राहिली.

"तंबोरा छान आलाय रे," ती म्हणाली, "पण माझ्या बांगड्या कशाला घेतल्यास?"

डबीला काय, बांगडी आणि खर्ज सारखेच. दुसऱ्या खेपेस बांगड्या काढायला मावशी काही तयार होईना. शेवटी त्यांवर हातरुमाल गुंडाळून चारी तारा पुन्हा पहिल्यापासून लावल्या. पंचेचाळीस मिनिटे झाली. त्या रात्रीच्या दोन्ही प्रती मी ठेवल्या आहेत.