दारूबंदीने घरात आणलेला बार

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेचे कपाट, त्यात चार-सहा बाटल्या, उंच देठाचे पेले आणि मिश्रण हलवायचे झाकणाचे भांडे, म्हणजे शेकर. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या श्रीमंत बापाच्या बंगल्यात हा घरगुती बार हमखास दिसे. कॉकटेल घरी बनवण्याची ही हौस अमेरिकेत फोफावली ती दारूबंदीच्या काळात, हे सांगितले तर पटणार नाही.

मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, असा खुलासा न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये वाचकाच्या शंकेवर केला होता. मिश्रणे त्याआधीही होती. इंग्रजांचे 'पंच' तर आपल्या 'पाच'वरूनच आले, असे बहुतेक जाणकार मानतात. १६३२ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात हा शब्द सापडतो. पण कॉकटेल हा गुत्त्यातल्या कसबी माणसाचा धंदा होता. जेरी टॉमस याने १८६२ मध्ये कृतींचे पुस्तक काढले, तेही मुख्यतः धंदेवाल्यांसाठीच. या गुत्त्यांत घरंदाज बायका सहसा पाऊल टाकत नसत.

१७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. गंमत अशी, की कायद्याने दारू बनवणे, विकणे आणि वाहून नेणे यांवर बंदी घातली, पिण्यावर नाही. आधी विकत घेतलेला साठा राहत्या घरी, कुटुंबीयांसह आणि पाहुण्यांसह संपवायला मुभा होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी मुदतीआधी तळघरे भरून ठेवली. बाकीच्यांनी चोरट्या मार्गाने मिळालेल्या स्पिरिटमध्ये पाणी आणि जुनिपरच्या फळांचे तेल घालून घरीच जिन जमवली. ती घशाखाली उतरवणे कठीण. मग लिंबाचा रस, संत्र्याचा रस, मध किंवा साखर यांचा आधार घेतला जाई. आजही नवशिक्याला शिकवतात ते हेच: एक कडक, एक आंबट, एक गोड, भरपूर बर्फ घालून हलवायचे आणि गाळून घ्यायचे. गुत्ता बंद झाल्यावर बैठक घरी आली आणि त्या बैठकीत बायकाही बसू लागल्या.

मात्र या मौजेची किंमत सगळ्यांना सारखी पडली नाही. कारखान्यांच्या स्पिरिटमध्ये सरकारी आदेशाने मिथेनॉलसारखी विषे मिसळली जात. तेच स्पिरिट चोरवाटेने पेल्यात येई. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येक बळी घेतले. १९३० मध्ये भेसळीच्या आल्याच्या अर्काने हजारो लोकांचे पाय लुळे पडले. त्यांतले बहुतेक गरीब. तळघरवाल्यांना काही झाले नाही.

५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली, पण घरात आलेला शेकर घरातच राहिला. अध्यक्ष रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये संध्याकाळी पाहुण्यांसाठी स्वतः कॉकटेल बनवत. त्यांच्या हाताला चव बेताचीच होती, अशा आठवणी पाहुण्यांनी लिहून ठेवल्या आहेत!

आपल्याकडे मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला १९४९ मध्ये. इथेही पेला घरात गेला, पण कुणाच्या? प्रकृतीचे कारण दाखवून परवाना मिळवणाऱ्याच्या दिवाणखान्यात, नाहीतर 'आंटी'च्या अड्ड्यावर. हा अड्डा म्हणजे बहुधा एखाद्या बाईची राहती खोलीच. बाकडे, उकडलेली अंडी किंवा चणे आणि हातभट्टीची. तिथे शेकर कुठला! पुढे साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, अड्डे ओसरले, 'परमिट रूम'च्या पाट्या लागल्या. हातभट्टीचा धोका मात्र सरला नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

तो १९४९ चा कायदा नाव बदलून आजही आहे. पिण्याचा परवाना एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. पुण्या-मुंबईत घरी बार थाटणाऱ्याच्या कपाटात शेकरच्या आधी तो कागद असायला हवा. किती कपाटांत असतो, हे विचारू नये.