बिलगावचे पंधरा किलोवॉट

'स्वदेस' आपल्यापैकी बहुतेकांनी 2004 च्या डिसेंबरात थिएटरात किंवा नंतर टीव्हीवर पाहिला असेल. ओढ्याचं पाणी वळवून गावात वीज आणतात आणि म्हातारीच्या घरातला दिवा लागतो, तो प्रसंग. चित्रपटातलं गाव म्हणजे वाईजवळचं मेणवली. पण त्या विजेमागची खरी हकीकत आपल्या खानदेशातली आहे, आणि ती आपल्याकडेच फारशी कुणी सांगत नाही.

स्नेहमेळाव्याच्या ग्रुपवर विषय निघाला की शाळेला भेट म्हणून आपण सगळ्यांनी मिळून एक छोटी पवनचक्की बनवावी. 'तू इंजिनिअर आहेस, तू लिही' असं म्हणून तो विषय माझ्या गळ्यात पडला. माझी रोजीरोटी सॉफ्टवेअरवर चालते, पाना-पक्कड हातात घेऊन वर्षं झाली. तरी वाचता वाचता मी वाऱ्यावरून पाण्यावर गेले आणि बिलगावला येऊन थांबले.

आपण 1996 ला दहावी झालो तेव्हा भूगोलाच्या तासाला धुळे जिल्ह्याचा नकाशा काढताना वरच्या टोकाला अक्राणी तालुका काढायचो, आठवतं? सातपुड्यातला, धडगावचा. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि तो भाग आपल्या नकाशातून गेला. नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीकाठचं बिलगाव तिथलंच. आदिवासी वस्ती, डोंगरउतारावर विखुरलेले 12 पाडे, आणि विजेची तार कुठेच नाही.

नर्मदा बचाओ आंदोलनाची माणसं, केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तरुण अभियंते आणि गावकरी यांनी मिळून तिथे छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. आधी याच मंडळींनी डोमखेडीला अगदी लहान प्रयोग करून पाहिला होता. बिलगावसाठी पैशांची मदत 'असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट' या परदेशस्थ भारतीयांनी सुरू केलेल्या संस्थेकडून आली. पण खोदणं, दगड वाहणं, बांधणं हे श्रमदानातून झालं. सुमारे 2000 मनुष्यदिवस! जानेवारी 2003 मध्ये दिवे लागले. क्षमता 15 किलोवॉट.

पंधरा किलोवॉट म्हणजे किती? मेळाव्याच्या सभागृहातले दीड टनाचे दहा एसी. एवढ्यावर बारा पाडे उजळतात, कारण एका घराला लागतो एखाददुसरा दिवा. हिशेबही आपल्या नववीच्या विज्ञानातलाच आहे. 10 मीटर उंचीवरून सेकंदाला 100 लिटर पाणी खाली आलं तर सगळी घट जाऊन हाती 5-6 किलोवॉट येतात. वाऱ्याचं तसं नसतं. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते. तीन मीटर व्यासाची घरगुती चक्की सेकंदाला 5 मीटरच्या वाऱ्यात शंभर-सव्वाशे वॉटच देते. दरीतल्या गावाला पाणीच योग्य होतं.

वाऱ्यावर असं काम शाळांनीच केल्याची उदाहरणं मात्र आहेत, आणि ती आपल्या सर-मॅडमना नक्की आवडतील. डेन्मार्कमध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने 1891 मध्ये वीज बनवणारी पवनचक्की उभारली. त्या विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढून शाळेत दिवे लावले. मध्येच स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही उडाल्या. (आपल्या प्रयोगशाळेत एक परीक्षानळी फुटली तरी केवढी बोलणी बसायची!) माझ्या मते त्याचं मोठं काम पुढचं आहे. 1904 पासून त्याने खेड्यातल्या मुलांना वीजतंत्री बनवण्याचे वर्ग चालवले. त्यातला योहानेस यूल 1957 मध्ये गेडसरला 200 किलोवॉटची चक्की उभारून गेला, आणि आजच्या पवनचक्क्यांची घडण बरीचशी तिच्यावर बेतलेली आहे. पुढे 1975 ते 1978 मध्ये त्याच देशात त्विंड इथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी 54 मीटर व्यासाच्या पात्यांची, 2 मेगावॉट क्षमतेची चक्की स्वतः बांधली. ती अजून फिरते.

आपल्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर सुझलॉनच्या पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. साक्रीच्या वाटेने माहेरी येताना माझी मुलं त्या मोजत बसतात. एकेक यंत्र मेगावॉटच्या घरातलं, म्हणजे कित्येक बिलगावांएवढं. त्यांची वीज सरळ ग्रीडमध्ये जाते. ती विजेची गरज भागवते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खालच्या शिवारातल्या माणसाचा त्या यंत्राशी संबंध लांबून बघण्यापुरताच. बिघाड झाला तर कंपनीची गाडी येते. बिलगावला गाडी यायची सोयच नव्हती; पाणी ज्या चारीतून येतं ती आपणच खोदलेली, त्यामुळे ती कुठे फुटू शकते हे खोदणाऱ्याला ठाऊक.

बिलगावचं यंत्र बिघडून बंद पडलं नाही. मार्च 2006 मध्ये सरदार सरोवराची उंची 110.64 वरून 121.92 मीटर करायला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराच्या पाण्याने तो प्रकल्प गिळला. जेमतेम साडेतीन वर्षं चालला. एका मोठ्या वीजप्रकल्पाच्या पाण्याखाली एक छोटा वीजप्रकल्प गेला, आणि त्या बारा पाड्यांत पुन्हा अंधार झाला. हे वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आपण तेव्हा पंचविशीत होतो, नोकऱ्यांत रुळलो होतो. 'स्वदेस'ची गाणी तोंडपाठ होती.

आता आपल्या चक्कीविषयी. तयार यंत्र विकत आणून गच्चीवर बसवायला आणि फीत कापायला माझा विरोध आहे. स्कॉटलंडमधल्या स्कोरेग या रस्ता नसलेल्या वस्तीत ह्यू पिगॉटने लाकडी पाती, गाडीचा ब्रेक ड्रम आणि चुंबकं वापरून चक्की बनवायची कृती बसवली, जगभर लोक तीच करतात. आपल्या शाळेतली आठवी-नववीची पोरं ती करू शकतील. सुतारकाम आणि वायंडिंग शिकवणारे आपल्यातच दोघे-तिघे आहेत. फक्त आधी शाळेच्या गच्चीवर वर्षभर वारा मोजायचा. वेगमापक मी आणते, रोजची नोंद मुलांनी ठेवायची. वारा सरासरी 4 मीटरच्या खाली निघाला तर चक्की सोडून सौर पॅनल लावू, पण तेही मुलांच्या हातूनच.