नळदुर्गचें धरण, धाराशिवची जलशिरा आणि गांवकीचे पाणी-कागद

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्यांत किल्ले, लेणीं व देवस्थानें यांचा भरणा मोठा. पाण्याचा उल्लेख येतो तो ओघानें. वस्तुतः ज्या प्रदेशांत मांजरा व तेरणा गोदावरीकडे आणि सीना व बोरी भीमेकडे पाणी वाहून नेतात, त्या बालाघाटच्या माथ्यावर मनुष्यवस्ती कशी टिकली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. येथील काळ्या पाषाणांत पाणी सांठतें तें मुरमाच्या थरांत व खडकाच्या भेगांत. एकानें विहीर खोल नेली कीं शेजाऱ्याची आटते. पाण्याची राखण ही अशा मुलखांत गांवानें मिळूनच करावयाची गोष्ट होती.

या विषयाचें एक जुनें साधन अनपेक्षित ठिकाणीं सांपडतें. मुनि कनकामर यांचें ‘करकंडचरिउ’ हें अपभ्रंश काव्य प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३४ सालीं कारंजा ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. कवीचा काळ सामान्यतः अकरावें शतक मानितात. त्यांतील तेरापूर म्हणजे तेर, आणि तेथील लेणें म्हणजे धाराशिवजवळचीं लेणीं, हें जैन यांचें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. कथा अशी: राजा करकंड यास मूर्तीच्या सिंहासनावर एक गांठ दिसते. लेणें खोदतांना येथें पाण्याची शीर लागली होती, ती बुजविण्याकरितां ही गांठ घातली आहे, असें एक वृद्ध कारागीर त्यास सांगतो. राजा ऐकत नाहीं, गांठ फोडवितो, लेणें पाण्यानें भरून जातें. कथेंतील देव व विद्याधर बाजूस ठेविले तरी एवढें उरतें कीं, खडकांतील जलशिरेचें ज्ञान पाथरवटापाशीं होतें आणि तें कवीस ठाऊक होतें. धाराशिवच्या लेण्यांची पाहणी करणाऱ्या बर्जेस यांचा अहवाल १८७८ सालीं छापला गेला. त्या वेळीं ही कथा अभ्यासकांपुढें आली नव्हती.

दुसरें साधन दगडाचें. नळदुर्गास बोरी नदीवर, मुख्य किल्ला व रणमंडळ यांच्या दरम्यान, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या अमदानींत हि. १०२२ (इ. स. १६१३) मध्यें धरण बांधलें गेलें; बांधणारा मीर इमादीन. धरणाच्या पोटांत पाणीमहाल असून पुराचें पाणी ‘नर’ व ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून कोसळतें. प्रेक्षक महालाचें कौतुक करून परततात. आमच्या मतें महाल हा अलंकार, मुख्य वस्तु पाणी. खडकावरील किल्ल्यास खंदकाचें व पिण्याचें काम एकाच बंधाऱ्यानें साधलें. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामानें इंग्रजांकडे दिला (तो १८६० मध्यें परत गेला), तेव्हां मेडोज टेलर येथील कारभारी होते. त्यांनींही आत्मचरित्रांत या धरणाचें वर्णन केलें आहे.

राजाचें व कारागिराचें नांव याप्रमाणें टिकलें. गाळ उपसणारे, मोटेच्या पाळ्या ठरविणारे, बलुत्यावर पाणी भरणारे कोळी यांचीं नांवें मात्र कागदांतच सांपडावयाचीं. हे कागद संग्राहकांच्या हातीं पडतात, परंतु सनद किंवा वंशावळ नसली म्हणजे गठ्ठ्याच्या तळाशीं जातात. वाटणीपत्रांत विहिरीचा चौथा हिस्सा, थळ व पाट लिहिलेला असतो. महजरांत पाण्यावरचा तंटा गोतापुढें मोडलेला असतो. खरेदीखताच्या चतुःसीमेंत आज बुजलेला ओढा वा बारव नोंदलेली असते. मराठवाड्यांत आणखी एक अडचण आहे. हैदराबाद संस्थानाचें सरकारी दप्तर १८८४ पर्यंत फारशींत व पुढें उर्दूंत, तर गांवचें मोडींत. मोडीवाचक उर्दू गठ्ठा सोडून देतो आणि उर्दूच्या जाणत्यास मोडी लागत नाहीं. एकाच विहिरीची हकीकत यामुळें दोन ठिकाणीं अर्धी अर्धी पडून राहते.

हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढत गेल्या. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमाजवळ ५०० मीटरच्या आंत नवी विहीर घेऊं नये, असा निर्बंध १९९३ च्या कायद्यानें घालावा लागला. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलांत आला, आणि त्यानें पाणलोटाची व्यवस्था स्थानिक समित्यांच्या हातीं देण्याची सोय केली. समितीस पूर्वापार वहिवाट दाखवावयाची झाल्यास ती कोठून दाखवावयाची? वरील कागदांतूनच. कूपनलिकेच्या अभियंत्यास मुरमाचा थर कळतो. त्या थरावर तीन गांवांचा संकेत काय होता, हें त्याच्या यंत्रास कळत नाहीं.

म्हणून तेर, तुळजापूर, परंडा, कळंब व नळदुर्ग या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, नक्कल उतरून घेतांना पाण्याचें कलम गाळूं नये. विहिरीचें, ओढ्याचें व पाणंदीचें नांव मूळ कागदांत असेल त्याच रूपांत द्यावें, पाळीचे दिवस व हिस्से जसेच्या तसे उतरावे, आणि खालील साक्षींचीं नांवें, कोळी व महार यांच्या निशाण्यांसुद्धां, पूर्ण लिहावीं.