ताबुताची माणसं

आमच्या कृष्णाकाठच्या घरात मोहरमला चोंगे व्हायचे, गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेचे. आजीचा नवस होता. काका लहानपणी फकीर व्हायचे, म्हणजे गळ्यात रंगीत नाडा बांधून पाच घरी मागायचे आणि ते पंजांपुढे, म्हणजे मोहरमच्या निशाणांपुढे, ठेवायचे. सलोखा वगैरे शब्द आजीच्या तोंडी नव्हता. इ.स. ६८० मध्ये करबलेच्या रणात पैगंबरांचे नातू हुसेन तहानलेले मारले गेले, म्हणून आल्यागेल्याला सरबत द्यायचं, एवढं ती जाणून होती.

पुण्यातही एके काळी हिंदू ताबूत, म्हणजे हुसेनच्या कबरीच्या प्रतिकृती, बसवत, मिरवणुकीत वाजवत, नाचत. जुलै १८९३ मध्ये प्रभासपाटणला मोहरमातच हिंदू-मुसलमानांची दंगल झाली आणि ११ ऑगस्टला मुंबई पेटली. पुढल्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव जोमानं उभा राहिला. त्यातल्या गाणाऱ्या मेळ्यांच्या पदांतून हिंदूंना ताबुतांकडे पाठ फिरवायला सांगितलं गेलं आणि बहुतेकांनी ती फिरवली. यातली गणपतीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. ताबुतापासून उठून गेलेल्यांची कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त लागते. भांडण असलं तरी मयतीला जायचं, ही आपली रीत. तीच तिथे मोडली.

सांगली-कोल्हापूरकडे ती टिकली. कडेगावचे उंच ताबूत बांबूचे, कागदाचे. बांधताना आधी कळस, मग खालचे मजले. काही मुसलमानांचे, काही हिंदूंचे. भेटीच्या दिवशी ते समोरासमोर आणतात तेव्हा दोर धरायला सगळं गाव लागतं. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो. २०१८ ते २०२० ही तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा तिथे मूर्तीशेजारी पंजे होते.

आता दोन्हीकडून अडवणारे आहेत. हिंदूला सांगतात, हे तुझं नाही. मुसलमानाला सांगतात, हे धर्मात बसत नाही. मला दोन्ही मान्य नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा दुखवटा पाळला, त्यांचाही त्यावर हक्क आहे.

मोहरमचं चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून गणपती आणि मोहरम एकत्र येण्याचा योग साधारण तेहतीस वर्षांनी येतो. पुढचा २०५० च्या सुमारास. तेव्हा मूर्तीशेजारी पंजे बसवणारे हात हवे असतील, तर आजच्या पोरांना ताबुताच्या कामाला न्यायला हवं, दोन्ही घरांतल्या.