परसातले पाहुणे

आपल्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात पंचवीस वर्षांत जे रुजलं, त्यातलं बरंचसं मूळचं परदेशी, हे सांगितलं की मंडळी चकित होतात. मिरची, पेरू, पपई, टोमॅटो ही सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि पुढे त्यांच्या जहाजांतून यातली बरीच इकडे आली. त्याआधी तिखटाला मिरी असे. ‘मिरची’ हे नावही तिच्यावरूनच. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी मिरचीचा ठेचा नव्हताच! शेवगा, कढीपत्ता मात्र अस्सल इथले. आता त्या पट्ट्यात पार्किंगसाठी फरशी घालायचा विषय सभेपुढे आहे. गाड्यांची अडचण मलाही दिसते. पण पेरूभोवती चार फूट माती मोकळी ठेवा, असा लेखी अर्ज मी सेक्रेटरींकडे दिला आहे.