परवानाधारक

२०१४ साली ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा मी अकरावीत होतो आणि एअर पिस्तूलच्या क्लासला जायचो. राहीच्या हातात पॉइंट टू-टूचं पिस्तूल होतं. तिने ते ज्या स्कॉटलंडमध्ये चालवलं, तिथल्या साध्या नेमबाजाला तसं पिस्तूल घरीच काय, क्लबातही ठेवता येत नाही. स्पर्धेपुरती खास परवानगी होती. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, आणि मग मी त्यामागचा इतिहास वाचत सुटलो.

१३ मार्च १९९६. स्कॉटलंडमधलं डनब्लेन हे छोटं गाव. एक माणूस चार पिस्तुलं घेऊन प्राथमिक शाळेच्या जिममध्ये शिरला. १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या. पुढे टेनिस गाजवणारा अँडी मरे तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच शाळेत होता. मारेकऱ्याची चारही पिस्तुलं परवान्याची होती.

गावातल्या लोकांनी सह्यांची मोहीम काढली. मार्चमध्ये फुलणाऱ्या फुलावरून तिचं नाव पडलं ‘स्नोड्रॉप’. सात लाखांहून जास्त सह्या जमल्या. मागणी एकच होती: खाजगी पिस्तुलं बंद करा.

दुसऱ्या बाजूला नेमबाज होते. स्पोर्ट्समन्स असोसिएशन उभी राहिली, सभा झाल्या, खासदारांना पत्रं गेली. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही कायदा पाळणारे परवानाधारक आहोत. एकाच्या गुन्ह्याची शिक्षा सगळ्यांना का? त्यांच्या हातात भक्कम पुरावाही होता. एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच या माणसाचा परवाना काढून घ्या असं वरिष्ठांना लिहून दिलं होतं. कोणी काही केलं नाही.

आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बसून आम्ही लिहून काढतो, प्रक्रिया नेमकी कुठे चुकली. नेमबाज तेच सांगत होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने होतो.

मग हंगरफर्डबद्दल वाचलं. १९८७ साली इंग्लंडमधल्या त्या गावात एकाने १६ जणांना मारलं होतं. त्याच्याकडेही परवाने होते. १९८८ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली, पिस्तुलं तशीच राहिली. म्हणजे नऊ वर्षांत दोनदा मारणारा माणूस परवानाधारकच निघाला. नेमबाजांच्या मोहिमेचा सगळा भार ज्या शब्दावर होता, तोच शब्द पोकळ झाला होता. ‘पुढच्या वेळी पोलीस नीट तपासतील’ हे वाक्य मूल गमावलेल्या आईसमोर कोण म्हणणार?

चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी मधला मार्ग सुचवला होता: वापर नसताना पिस्तुलाचा एखादा भाग काढून ते निकामी ठेवा, ते जमणार नसेल तर बंदीचा विचार करा. जॉन मेजर सरकारने तो मार्ग अव्यवहार्य ठरवला आणि पॉइंट टू-टूपेक्षा मोठ्या पिस्तुलांवर बंदी घातली. १९९७ च्या निवडणुकीनंतर टोनी ब्लेअर सरकारने पॉइंट टू-टूही बंद केलं. सुमारे १ लाख ६२ हजार पिस्तुलं जमा झाली. लोकांना भरपाई मिळाली, पण खेळ गेला. पुढे ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागायचं.

त्या नेमबाजांचं मला आजही वाईट वाटतं. त्यातल्या बहुतेकांनी कागदी टार्गेटशिवाय कशावर नेम धरला नसेल. पण ते आपल्या प्रामाणिकपणाची खात्री देत होते, आणि प्रश्न त्यांच्याबद्दल नव्हताच. क्लबात शेजारच्या लेनमध्ये उभ्या असलेल्या माणसाची खात्री कोण देणार, असा तो प्रश्न होता. क्लासमध्ये माझ्या शेजारी रोज एक काका सराव करायचे. दोन वर्षांत मला त्यांचं आडनावही कळलं नव्हतं.